टाचणीकाकूंची राहिलेली चार प्रकरणं

टाचणीकाकूंच्या कपाटातलं पुस्तक हातात आलं की आम्ही मुली आधी ते आडवं धरून बघायचो. पानांच्या कडेला कुठे टाचण्या चमकताहेत ते पाहायला. कपाट भोपाळच्या मराठी मंडळाचं होतं, पण मंडळाला स्वतःची जागा नव्हती, म्हणून ते शिवाजी नगरातल्या काकूंच्या सरकारी क्वार्टरमध्ये, पुढच्या खोलीत असायचं. येणारं प्रत्येक पुस्तक आधी काकू वाचत आणि नायक नायिकेच्या फार जवळ आला की तिथली दोन-चार पानं टाचणीने टाचून टाकत. आमची त्यामुळे फार सोय झाली. तीनशे पानांत शोधाशोध करावी लागत नसे. टाचणी काढायची, वाचायचं आणि त्याच भोकांतून पुन्हा घालून ठेवायची. काकूंना यातलं काही कळत नाही, असं मी बरीच वर्षं समजत होते.

काकू मूळच्या नागपूरच्या. काका राज्य सरकारच्या कचेरीत, म्हणून भोपाळला आलेल्या. माझे वडील गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात टेक्निशियन, आम्हीही मूळचे नागपूरकडचेच. त्यामुळे आमचं येणंजाणं घरच्यासारखं. काकूंचा नियम एकच होता. पुस्तक परत करताना त्याच्याबद्दल एक चांगलं आणि एक वाईट सांगायचं, तरच दुसरं मिळणार. मी पहिल्यांदा नुसतं “छान आहे” म्हटलं तेव्हा त्यांनी पुस्तक हातात धरूनच ठेवलं. “छान तर पोहे-जिलेबी बी असते. यात काय छान आहे ते सांग.” मी अकरा वर्षांची होते. दाराशी उभी राहून अर्धा तास विचार केला, रडकुंडीला आले, आणि शेवटी जे सांगितलं ते त्यांना पटलं. वाचायला मला त्यांनी शिकवलं, हे मी नाकारणार नाही. नाकारता आलं असतं तर हे लिहिणं सोपं झालं असतं.

कारण त्यांनी दुसरंही एक केलं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, हिंदी बोलणारा, उंच, फिजिक्सच्या तासाला माझ्या मागच्या बाकावर बसणारा. आमचं काय होतं म्हणाल तर फार काही नव्हतं. कँटीनमध्ये एकत्र चहा, लायब्ररीत समोरासमोर बसणं आणि बिट्टन मार्केटला बाजाराच्या दिवशी आईने सांगितलेली भाजी घेऊन झाल्यावर दोघांत एक ग्लास उसाचा रस. त्या रसाच्या गाडीपाशीच काकू भेटल्या. दोन्ही हातांत पिशव्या होत्या. माझ्याकडे पाहून हसल्या, त्याच्याकडे पाहूनही हसल्या. “आप भी साइंस में हैं क्या?” असं विचारलंसुद्धा. मला वाटलं, काकू म्हणजे आपल्याच.

संध्याकाळी आईला सगळं माहीत होतं. पंधरा दिवसांत वडिलांनी कॉलेजातून माझं नाव काढलं. सायन्स घरून करता येत नाही, म्हणून मी बी.ए. प्रायव्हेट दिलं, म्हणजे वर्षभर घरात बसायचं आणि परीक्षेपुरतं कॉलेजात जायचं. तो मुलगा दोनदा गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, मग आला नाही. सांगितलं कोणी, हे आईने लपवलं नाही. “टाचणीकाकूंनी पाहिलं म्हणून बरं, नाहीतर आम्हाला कळलंही नसतं.” त्यानंतर मी काकूंचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या दाराशी उभी होते. करणार काय? घरात बसलेल्या मुलीला पुस्तकं लागतात आणि पुस्तकं त्यांच्याकडेच होती. त्यांनी नेहमीसारखं कपाट उघडलं.  पुढे लग्न झालं, नवरा चांगला मिळाला, मुलगी झाली. राग मात्र होता तसाच राहिला. लोक म्हणतात काळ गेला की राग निवतो. माझा नाही निवला. मी तो जपून ठेवला होता.

दोन वर्षांपूर्वी काकूंची नजर गेली. काका वारलेले, मुलगा नागपूरला, आणि त्या बिट्टन मार्केटच्या मागे दोन खोल्यांत एकट्या. फोन आला, “अक्षरं दिसून नाही राहिली मला. येऊन वाचून दाखवत जा.” मी लगेच हो म्हटलं. मला दिसलं की वेळ आली आहे.

कोणतं पुस्तक न्यायचं तेही माझं ठरलं होतं. माझी मुलगी इंदूरला हॉस्टेलवर राहते. ती आणि तिच्या मैत्रिणी परदेशातल्या कॉलेजांत घडणाऱ्या कादंबऱ्या वाचतात, ज्यांत दर दोन प्रकरणांनी कोणीतरी कोणाच्या तरी खोलीचं दार आतून लावतं. तिने मला बजावलं होतं, “आई, तू मत पढ़, तुला नाही झेपणार.” त्यातलीच मराठीत आलेली एक मी पुण्याहून मागवली. पोहण्याच्या टीमचा कॅप्टन आणि शिष्यवृत्तीवर शिकणारी मुलगी. मी ती आधी दोन दिवसांत वाचून काढली. स्वयंपाक करताना कुकरच्या शिट्ट्या मोजायचं विसरले. टाचायची म्हटली असती तर काकूंना टाचण्यांची अख्खी डबी पुरली नसती. मला त्यांची फजिती करायची होती. त्यांनी कानांवर हात ठेवून “बंद कर” म्हणावं आणि मी ऐकू न आल्यासारखं वाचतच राहावं, असं मी मनात शंभरदा घोळवलं होतं.

झालं उलटंच. सातव्या प्रकरणात ती दोघं पाण्याबाहेर येऊन तशीच ओली कपडे बदलायच्या खोलीत शिरली आणि माझाच आवाज बसला. डोळे मिटून ऐकणाऱ्या त्या सत्तरीच्या बाईपुढे पुढचं वाक्य तोंडातून निघेना.

“थांबली काहून? मागच्या ओळीपासून घे.”

“काकू, इथे टाचणी लावायची का?” मी मुद्दाम टोचून विचारलं.

“टाचणी वाचून झाल्यावर लावतात. मी ती सगळी पानं आधी वाचली होती, बाप्पा. अन् तुम्ही पोरी काढून वाचत होत्या तेही माहीत होतं मला. वाच.”

मी वाचलं. पूर्ण प्रकरण वाचलं. मग त्यांनी नेहमीचंच विचारलं, एक चांगलं, एक वाईट.

वाईट सांगणं सोपं होतं. तो मुलगा तिचा फोन तपासतो, तिने कोणते कपडे घालायचे ते ठरवतो आणि लेखिका याला प्रेम म्हणते. माझ्या मुलीने असला मुलगा घरी आणला तर मी त्याला पाणीही विचारणार नाही. पण चांगलं सांगताना मी अडखळले. त्या पुस्तकातल्या पलंगांचा मला हेवा वाटला नव्हता. मला हेवा वाटला तो तासाला उशिरा पोचण्याचा, मागच्या बाकावरून चिठ्ठी येण्याचा, निकालाच्या दिवशी फळ्यासमोर उभं राहण्याचा. एरवी मी पानं भराभर उलटत होते आणि कॉलेजची वर्णनं मात्र दोन-दोनदा वाचत होते. हे काकूंना सांगितलं नाही. “वातावरण चांगलं आहे” एवढंच म्हटलं.

“मी सांगते चांगलं,” काकू म्हणाल्या. “पोरगी नको म्हणते तेव्हा तो थांबतो. आमच्या वेळच्या पुस्तकांत कोणी थांबत नव्हतं. म्हणूनच टाचत होते मी ती पानं, तुम्हाला वाटलं लाजून.” मग म्हणाल्या, “अन् वाईट म्हणजे या पुस्तकात कोणाले आईच नाही. पोरगी कुठे होती, कोणी विचारतच नाही.”

मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी चहा ठेवायला उठले.

आठवड्यातून दोन दुपारी असं चाललं होतं आणि मला तिथे जायला आवडत होतं, हे कबूल करताना आजही चीड येते. चार प्रकरणं उरली असताना काकू न्हाणीघरात पडल्या. मुलगा येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेला. आठवड्याने फोन आला. माझ्या घरच्यांची चौकशी नाही, स्वतःच्या पायाचं काही नाही.

“त्या दोघांचं शेवटी काय झालं?”

मी म्हटलं, “शेवट चांगला नाही, काकू.”

“असू दे. सांग.”

“त्यांना बाजारात एका बाईने पाहिलं. मुलीच्या घरोब्याची बाई. ती हसून दोघांशी बोलली आणि संध्याकाळी जाऊन मुलीच्या आईला सांगितलं. बापाने मुलीचं नाव कॉलेजातून काढलं. मुलगा दोनदा येऊन गेला, मग आला नाही. मुलीने परीक्षा घरून दिली, पास झाली. संपलं.”

पलीकडे टीव्ही चालू होता. कोणीतरी तो बंद केला.

“अन् त्या बाईचं काय झालं?”

“तिचं पुढे काही लिहिलेलं नाही.”

“पोरगी तिच्याशी कधी बोलली नाही?”

“जात-येत होती. हे नाही बोलली.”

“त्या बाईला वाटलं असेल, आई दोन शब्द रागावेल अन् सोडून देईल. नाव काढतील असं नसेल वाटलं.”

“असेल. पण नंतर ती कधी विचारायला आली नाही.”

“नाही आली,” काकू म्हणाल्या. “तिची हिंमत नाही झाली.” आणि फोन ठेवला.

खऱ्या पुस्तकाचा शेवट गोड आहे. तो मुलगा सुधारतो, दोघं पदवी घेतात, मुलीला हवी ती नोकरी मिळते. फोन करून तेवढं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. मी आज नको, उद्या करू म्हणत राहिले, आणि विसरले वगैरे नव्हते, मुद्दामच म्हणत होते. त्यांना थोडे दिवस तसंच राहू दे, असं मला वाटत होतं. महिनाभराने त्यांच्या मुलाचाच फोन आला, काकू गेल्या म्हणून. त्याने आणखी एक विचारलं. आई शेवटचे काही दिवस कुठल्यातरी मुलीचं नाव कॉलेजात परत घालायला सांगत होती, ती मुलगी कोण, तुम्हाला माहीत आहे का. मी नाही म्हटलं.