गोलरक्षक शोधत निरवांगीला

स्वारगेटहून बारामतीची एसटी सुटली तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मी आधीच थकलेली होते. गेली वीस वर्षं मी मुलींना वॉटर पोलो शिकवते आहे. खोल पाण्यात, तळाला पाय न टेकवता, तरंगत खेळायचा हा चेंडूचा खेळ. त्यात माझे दोन्ही गुडघे गेले. देशाच्या महिला संघाच्या शिबिरासाठी तेरा नावं सोमवारपर्यंत कळवायची होती. बारा ठरली होती. तेरावं सायलीचं. नीरा नदीत पोहायला शिकलेली ही आमची गोलरक्षक महिनाभर माझा फोन उचलत नव्हती, म्हणून शेवटी मीच निघाले.

मोरगावच्या पुढे रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी अडवलेला. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्यामागे आमची गाडी बैलाच्या चालीनं. बारामतीला दीड तास उशिरा पोचलो आणि पुढची गाडी निघून गेलेली. स्टँडवर थंड झालेला वडा खाल्ला. नंतरच्या गाडीनं जंक्शनपर्यंत गेले (इथे या नावाचं गावच आहे) आणि तिथून वडापमध्ये (सीट भरली की सुटणारी जीप) बसले. शेजारच्या बाईंनी कुणाकडे निघालात म्हणून विचारलं. मी सायलीचं नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ती टीव्हीवर येणार होती आणि आलीच नाही, तीच ना? मी मान हलवली.

ड्रायव्हरनं चुकीच्या फाट्यावर उतरवलं. दोन किलोमीटर चालावं लागलं. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच डाळिंबाच्या बागा, पाटाच्या कडेनं चिखल. सायलीच्या घराशी पोचले तेव्हा तिची आई अंगणात डाळिंबं निवडत बसली होती. भरलेल्या क्रेटवर ऊन लागू नये म्हणून जुन्या फ्लेक्सचा तुकडा टाकलेला. त्यावर सायलीचा अर्धा चेहरा होता, टोपी घातलेला, आणि खाली ‘हार्दिक अभि’ एवढीच अक्षरं.

मी त्याकडे बघते आहे हे तिच्या आईनं पाहिलं. दोन वर्षांपूर्वी संघाला जागतिक स्पर्धेत जागा मिळाली तेव्हा गावानं तो फाट्यावर लावला होता. संघ जाणार नाही हे कळल्यावरही कुणी काढला नाही. रोज येता-जाता तो बघून सायलीनंच एका सकाळी कोयत्यानं उतरवला. हे सांगताना त्यांचे हात थांबले नव्हते. मग त्यांनी मला घरात नेऊन ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. सायली आता लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला जाते, साडेतीनला सुटते, असं सांगितलं.

जेवताना त्यांनी विचारलं, ही पात्रता म्हणजे नक्की काय असतं? मी सांगितलं. जागतिक स्पर्धेत यजमान देशाला जागा आपोआप मिळते. काही जागा मागच्या स्पर्धेतल्या वरच्या संघांना. उरलेल्या खंडांमध्ये वाटतात, आशियाच्या वाट्याला एक-दोनच. त्यासाठी आधी आशियातल्या देशांची स्पर्धा, गटातले सामने, मग बाद फेरी. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या सामन्यातली शेवटची पेनल्टी फेक सायलीनं अडवली आणि ती जागा आम्हाला मिळाली. पण जागा मिळालेल्या संघाला खरंच पाठवायचं की नाही, हे नंतर वरची माणसं ठरवतात. पदक येईलसं वाटलं नाही तर नाव मागे घेतात.

त्यांनी मला आणखी भरीत वाढलं. मग म्हणाल्या, “म्हंजी माल पास झाला, पर गाडीच भरली न्हाय.”

मी हो म्हटलं. मागच्या वेळी हे मी कुठल्याच आईला सांगितलं नव्हतं.

निमगाव केतकीवरून इंदापूर, आणि इंदापूरहून हायवेनं परत मागे लोणी देवकर. कारखान्याच्या फाटकाशी पोचले तेव्हा पाय सुजले होते. साडेतीनला बायकांचा लोंढा बाहेर आला. सायली मला बघून थबकली, पण तिनं मला टाळलं नाही. समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. मी आधी गुडघ्यांचं बोलले, मग डाळिंबांचं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम,” ती म्हणाली, “आमी जिंकलो तरी पाठवणार न्हाईत असं बी हुतंय, हे तुमाला तवा म्हाईत हुतं का?”

वाटेत जुळवलेली उत्तरं मी बाजूला ठेवली.

“माहीत होतं,” मी म्हणाले. “मी खेळायचे तेव्हाही तसंच झालं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही तशा खेळल्या नसतात, असं मला वाटलं.”

तिनं ग्लास खाली ठेवला. “मी खेळलेच असते.”

मग तिनं विचारलं, शिबिर कधी आहे. मी दिवस सांगितला. ती येईन म्हणाली, पण एका अटीवर. पहिल्याच दिवशी मी सगळ्या मुलींना शेवटच्या पायरीपर्यंत सगळं सांगायचं. “तुमी न्हाय सांगितलं, तर मी सांगीन.”

परतीची गाडी भिगवणला थांबली तेव्हा मी तेरावं नाव लिहिलं. काम झालं होतं, तरी हलकं वाटत नव्हतं. आशा दिली की मुली टिकतात, या समजुतीवर मी इतकी वर्षं शिकवत आले होते. सायली मात्र सगळं ठाऊक असूनही परत गोलसमोर उभी राहायला तयार होती. तिला मी तेव्हा ओळखलंच नव्हतं.

शिबिराच्या पहिल्या दिवशी तलावाच्या काठावर मी सगळं सांगितलं. एका मुलीनं त्याच दुपारी बॅग भरली. मी तिला अडवलं नाही. सायली धरून उरलेल्या बारा जणी पाण्यात उतरल्या आणि माझ्याकडे बघत तरंगत राहिल्या. शिट्टी तोंडापर्यंत न्यायला मला थोडा वेळ लागला.