भाईंची कापलेली सहा मिनिटे

भाई साळवी यांना मी प्रथम पाहिले ते मांडवीला, माझ्या कॅसेट भरून देण्याच्या दुकानात. रॉक वाजवणारा माणूस केस वाढवलेला असणार, अशी माझी पक्की समजूत होती. भाई इस्त्रीच्या शर्टात, बँकेतून सुटून थेट आले होते. त्यांच्या ‘जांभा’ बँडच्या सगळ्या कॅसेट पुढे मीच भरल्या. भाईंच्या पंच्याहत्तरीच्या या अंकात लिहिण्याचा मान मला मिळाला आहे.

भाईंना कामात कच्चेपणा चालत नसे. खाडीकाठच्या खारजमिनीवरून नाव घेतलेल्या ‘खाजण’ या अल्बमसाठी ते अख्खी ओहोटी पूर्णगडच्या खाडीत टेपरेकॉर्डर घेऊन बसले होते. त्या अल्बमच्या मध्यावर गिटार थांबते आणि सहा मिनिटे फक्त पाणी आणि बांधलेल्या होडीचा करकरणारा दोर ऐकू येतो. मग हलकेच ड्रम सुरू होतो. मूळ ध्वनिमुद्रणाचे स्पूल ऐकताना मला धडकीच भरली. कॅसेट कोरी निघाली म्हणून गिऱ्हाईक परत आणणार! कोणालाही न विचारता मी ती सहा मिनिटे कापली.

परिणाम असा झाला, की ड्रम एकदम कानावर आदळू लागला. भाईंचे डोके फिरले, असे त्यांचेच चाहते माझ्या दुकानात येऊन सांगू लागले. भाईंनी पुन्हा तसा प्रयोग केला नाही. उलट एके दिवशी येऊन, तुला माझ्यामुळे बोलणी खावी लागतात, म्हणून त्यांनी माझीच माफी मागितली. मी चहा मागवला.

यंदा या अंकासाठी चाहत्यांनी ‘खाजण’ नव्याने ऐकायचे ठरवले. भाईंनी मूळ स्पूल काढून दिले आणि माझी झोप उडाली. आम्ही वीस-पंचवीस जण जमलो, सगळे पिकल्या केसांचे. भाई पुढच्या खुर्चीत होते. गिटार थांबली. कोणाची खुर्ची वाजली की मी वळून पाहत होतो. पण कोणी उठले नाही. ड्रम इतका अलगद आला, की पूर्वी सर्वांत जास्त नावे ठेवणारे देसाई गुरुजी चष्मा पुसू लागले. हे आमच्या कॅसेटमध्ये नव्हते, असे ते म्हणाले आणि सगळे माझ्याकडे वळले. मी उभा राहिलो आणि सगळे सांगून टाकले. इतक्या वर्षांचे नाते आज संपले, असेच मला वाटले.

भाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, “पहिली कॅसेट मी घरी नेऊन ऐकली होती रे. कापलंस ते तेव्हाच कळलं. आणि बरं वाटलं मला. तुझ्यापरीस मीच जास्त भ्यालो होतो.”

आता निम्मे चाहते ‘खाजण’ला भाईंचे सर्वोत्तम काम म्हणतात. गुरुजींच्या मते दुसरी बाजू अजूनही लांबते, आणि भाईंना हेच मत अधिक आवडलेले दिसते.

पंच्याहत्तरीच्या सत्काराच्या दिवशी भाई तो अख्खा अल्बम रंगमंचावर वाजवणार आहेत. त्या सहा मिनिटांत ते भरल्या सभागृहासमोर हात थांबवून नुसते बसून राहतील. ध्वनियंत्रणेवर मीच हवा, असा त्यांचा हट्ट आहे. भाईंना ठणठणीत शंभरी लाभो. आणि त्या दिवशी माझा हात जागचा हलू नये, एवढेच देवाकडे मागणे आहे.