रचेल त्यानं आधी झेप घ्यावी

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या ब्रायर डोंगरावर स्नोबोर्डवाली पोरं ज्या बर्फाच्या उंचवट्यांवरून हवेत झेपावतात, ते एकोणतीस वर्षं मार्लिस केटनर रचते आहे. शाळा तिनं अर्ध्यावर सोडली. पण फावडं मारल्यावर येणाऱ्या आवाजावरून ती सांगते, बर्फ आतून ओला आहे की कोरडा. कुठल्या कॉलेजात शिकवतात हे?

या डोंगरावर रिवाज आहे. उंचवटा ज्यानं रचला, पहिली उडी त्याची. तोवर आडवी बांधलेली तांबडी दोरी सुटत नाही. या रिवाजापायी मार्लिसचं खांद्याचं हाड दोनदा मोडलं. तिच्या उंचवट्यावर दुसऱ्या कुणाचं मोडलं नाही, हे ती विचारल्याशिवायही ऐकवते.

मार्चमध्ये नवा मॅनेजर ट्रेव्हर हॉब्सन यानं कॉम्प्युटरवर आराखडा काढला आणि तिच्याकडून उंचवटा बांधून घेतला. शनिवारी गावातल्या शाळांची स्पर्धा होती.

"सुटायची खूण वर घे," मार्लिस म्हणाली. "दुपारच्या उन्हात बर्फ चिकटतो, वेग मरतो. पोरं पलीकडच्या उतारावर पोचणार नाहीत, मधल्या सपाटीवर आपटतील."

"आकडे बरोबर आहेत, मार्लिस."

"जानेवारीचे असतील."

"आता बदल नको. आणि या वयात तू कशाला उडतेस? डीन मारेल पहिली उडी."

डीन तिचा जुना जोडीदार. तो फावड्यावर रेलून म्हणाला, "मला मध्ये घेऊ नका. माझ्या घराचे हप्ते राहिलेत."

मार्लिसचं डोकं फिरलं. "हात माझे लागले, पण डोकं तुझं आहे, ट्रेव्हर. म्हणजे रचणारा तू. दोन वाजता ये बोर्ड घेऊन."

तो आला. भित्रा नव्हता, एवढं मान्य करायला हवं. आपल्याच खुणेपासून तो सुटला. अर्ध्या वाटेत बोर्डाखालचा बर्फ गोंदासारखा धरू लागला, तसा त्याचा वेग पडला. उंचवट्याच्या तोंडाशी त्यानं अंग वळवलं आणि तो बाजूला जाऊन बसला.

कुणी हसलं नाही. बोर्ड काखेत मारून तो वर चढून आला.

"किती वर घेऊ?"

"चाळीस पावलं. माझी, तुझी नाहीत."

त्यानं खूण हलवली. मार्लिस बोर्डाचे पट्टे आवळू लागली.

"तू कशाला?" ट्रेव्हर म्हणाला.

"चाळीस मी सांगितली ना? मग आता हा उंचवटा माझा झाला."

ती सुटली. उंचवट्यावरून उठली, गुडघे पोटाशी घेतले, सपाटी मागे टाकली आणि उताराच्या अगदी वरच्या कडेला टेकली. डीननं शीळ घातली.

ती मात्र परत येताना कपाळाला आठी घालूनच आली.

"आणखी सहा पावलं वर घे."

"उतरलीस की व्यवस्थित."

"मी चांगली जाडजूड बाई आहे, ट्रेव्हर. ओल्या बर्फावर वजन ओढून नेतं. शनिवारी येणारी पोरं काडीसारखी असतात."

ट्रेव्हरनं सहा पावलं मोजली. तिची पावलं, लहान लहान.

मार्लिस पुन्हा वर गेली, पुन्हा झेपावली. या खेपेला उताराच्या मध्यावर उतरली. मग तिनं स्वतःच्या हातानं तांबडी दोरी सोडली.