शेवट आधी सांग

"शेवट आधी सांग. मंग बघू वाचायचं का न्हाई."

कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवून शेजारच्या अक्का हे म्हणायच्या, आणि शेवट ऐकल्याशिवाय पुस्तकाला हात लावायच्या नाहीत.

मी बदनापूरहून रोज जालन्याला नोकरीला जाते. येताना तिथल्या वाचनालयातून एखादी रहस्यकथा नाहीतर प्रेमाची कादंबरी आणते. माझी वाचून झाली की ती भिंतीपलीकडे जायची, सोबत शेवटही जायचा. तुम्ही म्हणाल, खुनी कळल्यावर रहस्यकथेत उरतं काय? मीही एकदा विचारलं.

"जीव टांगणीला लागला की मला मधलं काहीच दिसत न्हाई," अक्का म्हणाल्या. "शेवट म्हाईत असला की मधली पानं निवांत वाचता येतात."

आमच्या घरी मी गोष्ट सांगायला लागले की माणसं चपला शोधतात. अख्ख्या गावात माझं ऐकून घेणाऱ्या अक्का एकट्याच. त्यांनाही फक्त शेवट हवा असायचा, हा भाग वेगळा.

अलीकडच्या कादंबऱ्यांवर त्यांचा राग होता. "हा तुझा पोलीस अधिकारी. एवढे खून झाले, पण हा बाबा जेवलाच न्हाई. नुसती कॉफी! कॉफीवर माणूस किती धकंल? अन् खुनी कोण, तर जो पयल्या पानापासून लई गोड बोलून राह्यला, तोच. मी तर लगेच धरला असता."

"शेवट ऐकून घेतल्यावर कोणीही धरील, अक्का."

"तू गप."

प्रेमकथांना तर त्या सोलूनच काढायच्या. "तुझ्याबिगर जगू शकत न्हाई म्हणतो. पण समद्या पुस्तकात हिच्या नळाला पाणी आलं का, एवढं तरी विचारलं का त्यानं?"

आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. आलं की हातातलं टाकून धावायचं. अक्का पुस्तकात असल्या की त्यांचे यजमान एकटेच सगळं पाणी भरायचे. मी त्यांना भाऊ म्हणते. राजूरकडच्या शेतकरी घरातला माणूस, पुस्तकाच्या वाटेला कधी गेला नाही. हंडा उचलता उचलता ओरडायचे, "आज कोण मेलं? मेलेल्याचं झालं असंल तर जित्याला च्या टाका!"

मागच्या हिवाळ्यात अक्कांचं जेवण तुटलं. संभाजीनगरला तपासण्या झाल्या. परत आल्यावर भाऊ भिंतीपाशी आले. आधी मागं वळून घराच्या दाराकडं बघितलं.

"डॉक्टरनं हात वर केले, ताई. तिला बिलकुल कळू देऊ नका. अल्सर हाय म्हणून सांगितलंय."

नेमकी त्याच आठवड्यात मी आणलेल्या कादंबरीतली नायिका आजारी पडून मरत होती. ती मी भिंतीपलीकडे नेणारच नव्हते. पण अक्कांना बघायला गेले तेव्हा ऑफिसची पिशवी खांद्यालाच होती, आणि पुस्तकाचा कोपरा त्यांना दिसला.

"शेवट सांग."

"बरी होते," मी म्हणाले. "लग्न होतं. महाबळेश्वरला जातात."

महाबळेश्वर माझ्या पदरचं. इतका झकास शेवट मी जन्मात रचला नव्हता. एरवी शेवट ऐकलेला असला की अक्का शेवटची पानं वाचायच्याच नाहीत. त्या भरवशावर मी निर्धास्त होते.

काही दिवसांनी त्यांनी हाक मारली. अंगणात उन्हाला बाजेवर बसल्या होत्या. पुस्तक मांडीवर, मिटलेलं.

"ती तर मेली गं."

त्यांनी शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं.

"एक बाई तरी सुखानं ऱ्हायली, म्हणून म्हटलं, एकदा डोळ्यांनी वाचावं. महाबळेश्वर कुठंय ह्यात? समदी पानं उलटून पाह्यली." मग आवाज खाली आला. "आजवर कुणी मेलं की तू सरळ मेलं म्हणूनच सांगितलं. मंग ह्याच पुस्तकाचा शेवट खोटा काहून?"

मी पुस्तक घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ते सोडलं नाही.

"अल्सर न्हाई ना मला?"

भाऊ चहा घेऊन दारात आले होते. त्यांच्या हातातली कपबशी वाजायला लागली. तेवढं पुरेसं होतं.

अक्कांनी एकदाच डोळे मिटले, उघडले. "च्या सांडून राह्यलाय. बसा इथं," त्या भाऊंना म्हणाल्या. मग पुस्तक माझ्या हातात दिलं. "लेखकाला काय कळलं न्हाई सांगू? समद्यांनी तिच्यापासून लपवलं, तिनं समद्यांपासून लपवलं. बोलायचे दिवस होते, ते नाटकात गेले."

भाऊ बाजेच्या कडेला बसले. अक्कांनी त्यांचा हात आपल्या हाताखाली घेतला. मी घरी आले. भाजी करपली, आणि त्या दिवशी कोणी मला बोललं नाही.

त्यानंतर अक्कांनी भाऊंना हवं तिथं पळवलं. वाटूरला माहेरी जाऊन आल्या, राजूरच्या गणपतीला गेल्या. पुढचं सगळं निवांत झालं असं मी लिहिलं, तर ते माझं दुसरं महाबळेश्वर होईल. कळ आली की त्या भिंत धरून उभ्या राहायच्या आणि समोरचं पुस्तक हातानं लांब सारायच्या. भीती वाटते, हे मात्र त्या भाऊंना सांगायच्या, आणि भाऊही त्यांना.

उन्हाळ्यात अक्का गेल्या.

परवा एक रहस्यकथा संपवली आणि पायांच्या सवयीनं भिंतीपर्यंत गेले. पुस्तक हातात. पलीकडे नळाला पाणी आलं होतं, भाऊ वाकून हंडा लावत होते. त्यांनी पुस्तकाकडं बघितलं. कोण मेलं, ते काही विचारलं नाही.

सरळ झाले, धोतराला हात पुसले आणि भिंतीवर कोपरं टेकवली.

"शेवट काय झाला, ताई?"

मी सांगितला. खरा, जसा होता तसा. भाऊ मान हलवत ऐकत राहिले. हंडा भरला, वाहायला लागला. इतक्या दिवसांनी आलेलं पाणी फाटकाखालून रस्त्यावर चाललं होतं, आणि आमच्यापैकी कोणीही नळाकडं वळलं नाही.