कुठलाच फोन जोडलेला नव्हता

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. कुडाळच्या शाळेतल्या आमच्या विज्ञानाच्या सरांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती... कारण सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नाही. त्यामुळे गावात देवचार-चकव्यासारख्या भुताखेतांच्या गोष्टी कितीही ऐकल्या, तरी विश्वास कधी बसला नाही. आजही ‘मानतो’ असं म्हणणार नाही. घडलं तसं सांगतो फक्त.

मी मुलुंडला राहतो. गेल्या उन्हाळ्यात सेकंडहँड गाडी घेतली... आमच्या घरातली पहिली. तेव्हा अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आई-अण्णा गावाहून आले होते. आईने गाडीची मनापासून पूजा केली. बॉनेटला कुंकू, स्टिअरिंगला कुंकू आणि स्क्रीनखालच्या यूएसबीच्या भोकातही बोटभर ओलं कुंकू! त्या दिवसापासून फोन गाडीच्या स्क्रीनला जोडला जाईना.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी घाटकोपर पश्चिमेला अण्णांची तपासणी होती. सकाळी अकराला ती आटोपली. एका डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी, दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू, त्यामुळे बसची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती. मी त्यांना दवाखान्याच्या बाकावर बसवलं. म्हटलं, “गाडीचं काम आहे, पंधरा मिनिटांत आलो.” त्यांनी आपला बटणांचा फोन माझ्या हातात दिला. “ह्येचा चार्जिंग संपला. गाडयेत लाव.”

स्टिरिओचं दुकान मागच्याच गल्लीत होतं. माझा साडू प्रवीण तिथे आधीच येऊन थांबला होता. मला नवा फोन घ्यायचा होता, आणि गाडीत कुठला बरा चालेल यावर आठवडाभर आमचा वाद चालू होता.

“आयफोन घे रे. एकदा गाडीला लावला की विषय संपला,” प्रवीण म्हणाला.

“अँड्रॉइड निम्म्या किमतीत येतो. त्यावरचा नकाशा मराठीत बोलतो, अण्णांनाही कळेल.”

“अण्णा गाडी चालवणारेत का, यार?”

दुकानदार सॉकेट उपसून कुंकू खरवडत होता. “भाऊ, आधी हे साफ होऊ द्या. मग कुठला पण लावा.”

आम्ही दोघांचे फोन शेजारी धरून तुलना करत बसलो. घड्याळ बघितलं तेव्हा सव्वा तास उलटून गेला होता. धावत दवाखान्यात गेलो... बाक रिकामा. वॉचमन म्हणाला, “बाबा अर्धा तास झाला गेले. मुलगा आला नाही म्हणाले.”

स्टेशनच्या बाजूला पाहिलं, बसस्टॉप पाहिला. एक डोळा झाकलेला म्हातारा माणूस, भर उन्हात, एलबीएस रोडच्या त्या रहदारीत! आणि फोन माझ्याकडे. गाडी काढून शोधावं म्हणून परत दुकानात आलो.

“वाट लागली रे, प्रवीण. अण्णा गेले कुठेतरी.”

तेवढ्यात गाडीची स्क्रीन वाजली. नाव आलं : अण्णा.

तिघेही बघत राहिलो. दुकानदाराच्या हातात सॉकेट तसंच लोंबत होतं. स्टिरिओ त्याने नुकताच रिसेट केला होता, त्यामुळे ब्लूटूथवरही कुठला फोन नव्हता. मी स्क्रीनवर बोट ठेवलं. स्पीकरमधून अण्णांचा शांत आवाज आला.

“मी हयच आसंय रे. पिंपळाच्या पारार. बाजूक सुरयेक धार लावणारो बसलो हा. सावकाश ये, रस्तो बघून.”

आवाज बंद झाला.

“धारवाला ना? तो मंदिराजवळ बसतो, डावीकडे,” दुकानदार म्हणाला. मी पळत सुटलो. अण्णा पारावर, पिंपळाच्या सावलीत बसले होते. डोळ्यावरची झाकणी जागच्या जागी.

“घामाघूम कित्याक झालंस?”

“तुम्ही फोन केलात ना आत्ता?”

“खुळो की काय तू? फोन तुझ्याकडे दिल्लंय मा? कोणाकडे एक शबुद बोलूक नाय मी. तुका येळ झालो म्हणान वायच चललंय, नि हय येऊन बसलंय.”

मी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. लाज वाटली तरी रडूही आलं. अण्णांना ते दिसलं की नाही, ठाऊक नाही.

त्यांचा फोन माझ्या खिशात होता, पूर्ण बंद. माझ्या फोनच्या यादीत त्या वेळेचा कॉल नाही. प्रवीणच्या फोनमध्ये तर अण्णांचा नंबरच नाही. मी दोन मेकॅनिकना विचारलं, ऑफिसच्या आयटीवाल्यालाही विचारलं. प्रत्येकजण काहीतरी सांगतो आणि मग म्हणतो, “पण तिघांनी ऐकलं म्हणता?” हो, तिघांनी ऐकलं.

फोन मी शेवटी अँड्रॉइडच घेतला. पण गाडीत कुठला बरा, असं कोणी विचारलं की मी विषय बदलतो. त्या दिवशी गाडीला लागला तो फोन कुठला होता, मला सांगता येत नाही. सर भेटले तर म्हणतील, नीट शोध. शोधलं, सर. नाही सापडलं. अण्णा सापडले, आणि त्यानंतर मी फारसं शोधलंही नाही.