वाढत्या अंगाची मोटरसायकल

आमच्या घरात माझ्या मापाची वस्तू मला कधी मिळालीच नाही. शाळेचा ट्यूनिक गुडघ्याखाली वीतभर, कमरेला दोन सेफ्टी पिना, बुटांच्या टोकात कापसाचे बोळे आणि स्वेटरच्या बाह्या तीनदा दुमडलेल्या. सगळं वाढत्या अंगाचं. दुकानात बाबा मला पाठमोरी उभी करायचे, कापड खांद्याला लावून बघायचे आणि दुकानदाराला सांगायचे, "एक नंबर मोठा दाखवा." ती वस्तू अंगाला नीट बसायला लागेपर्यंत विटलेली असायची, आणि तोवर बाबा पुढची मोठी वस्तू शोधायला निघालेले असायचे. तिथवर ठीक होतं, सगळ्याच घरांत असं चालायचं. पण माझ्या एकेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मला मोटरसायकलसुद्धा वाढत्या अंगाची घ्यायला लावली.

मोटरसायकल मला हौसेसाठी नको होती. आमचं खातं विहिरींतलं पाणी मोजतं. वर्षातून चार वेळा ठरलेल्या विहिरींवर जायचं, मोजपट्टी आत सोडायची, पाणी किती खोल आहे ते लिहून आणायचं. पूर्वी त्यासाठी जीप होती. ती भंगारात गेली, दुसरी येणार येणार म्हणत आलीच नाही, आणि एक दिवस वरून कळवलं गेलं की ज्याला स्वतःच्या वाहनाने विहिरीपर्यंत पोचता येईल तोच इथे राहील. बाकीच्यांना भोपाळला टेबल. माझ्या वाट्याच्या विहिरी शहपुऱ्याच्या बाजूला, पार शेतांच्या आत. तिथल्या ट्रॅक्टरच्या चाकोरीत माझी स्कूटर पोटावर बसायची. थंडीतली मोजणी मी वेळेत करून दाखवली नाही तर भोपाळ नक्की होतं. आणि आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. शहात्तर वर्षांचे बाबा जबलपूर सोडणार नाहीत, हे त्यांनी कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं होतं. मी गेले असते तर ते एकटे राहिले असते, गॅसवर दूध ठेवून विसरत.

गाडी निवडायला मी त्यांना बरोबर नेलं ही चूक माझी. पण मला वाटलं, यांना नाही कळणार तर कोणाला? बाबांची सगळी नोकरी गाड्यांच्या कारखान्यात गेली. नवे फौजी ट्रक चढावर चढवायचे, पाण्यात घालायचे, खड्ड्यांतून हाणायचे आणि काय तुटतं ते बघायचं, हे त्यांचं काम. रस्ता नसलेल्या जागी चाक कसं चालतं ते त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. फक्त ते चाक ट्रकचं होतं, एवढा विचार मी केला नाही.

शोरूममध्ये कच्च्या रस्त्याच्या तीन गाड्या ओळीने उभ्या होत्या. लहान, मधली आणि मोठी. विक्रेत्याने विचारलं, "दीदी, अभी तक क्या चलाया है?" मी म्हणाले, स्कूटर. "कच्चे में?" मी म्हणाले, नहीं. त्याने मला सरळ लहान गाडीकडे नेलं. हलकी, सीट बुटकी, इंजिन बेताचं. "इस पर गिरेंगी तो खुद उठा लेंगी. साल-दो साल में हाथ बैठ जाए, तब बीच वाली देखिए. वो बड़ी तो पुराने चलाने वालों के लिए है." मी बसून बघितलं. दोन्ही तळवे पूर्ण जमिनीवर टेकले. मला ती तिथेच आवडली.

बाबा त्या विक्रेत्याकडे असे बघत होते, जसा काही तो मापात कापड कमी देतोय. "ही लहान पडंल तुला," ते म्हणाले.

"बाबा, आता तर बरोबर आहे."

"आता बरोबर आहे. शिकलीस की लहान पडंल. मग पुन्हा नवी. दोनदोनदा काहून घ्यायची? अन् वजनानं गाडी जमीन धरून ठेवते, हे मला विचार."

मग मला मोठीवर बसवण्यात आलं. ती जवळजवळ दोनशे किलोंची. डावीकडे झुकले तर डाव्या पायाचा अंगठा टेकायचा, उजवीकडे झुकले तर उजव्या. दोन्ही एकदम नाही. "पोचून तर राहिला पाय," बाबा म्हणाले. माझ्या हाताखाली तीन माणसं काम करतात, मी रजा मंजूर करते, नामंजूर करते, आणि तरीही त्या दिवशी मी मुकाट्याने सही केली. बाबांवर चिडते तेव्हा यातली निम्मी चीड माझ्यावरची असते.

रविवारी सकाळी रिछाईतले कारखाने बंद असतात. रस्ते रुंद, आणि मध्ये मध्ये गिट्टी आणि मुरूम पसरलेले मोकळे प्लॉट. तिथे आम्ही सराव सुरू केला. पुढे मी, मागे स्कूटरवर बाबा, आणि त्यांचा आवाज. "हँडल घट्ट धर. समोरच्या चाकाकडे बघ. घाबरून काहून राहिली?" चालती गाडी मी एकदाही पाडली नाही. पाडली ती थांबताना. थांबायचं म्हटलं की पाय जमीन शोधायला जायचा, जमीन दोन बोटं खाली असायची, आणि ते धूड सावकाश आडवं व्हायचं. मला ते दिसत असायचं आणि काहीही करता यायचं नाही. उचलायला दोन माणसं लागायची. त्यातलं एक माणूस शहात्तर वर्षांचं.

त्या प्लॉटच्या कोपऱ्यावर एका मेकॅनिकचं दुकान होतं. तो स्वतः सुटीच्या दिवशी नदीकाठच्या वाळूत गाड्या घालायचा. तीन रविवार त्याने आमचा तमाशा पाहिला आणि चौथ्या रविवारी न राहवून आला. "दीदी, हैंडल पकड़िए मत, बस हाथ रखिए. और पहिया मत देखिए, दूर देखिए. खराब रास्ते में खड़ी हो जाइए, घुटनों से टंकी दबाकर." मी तसं केलं आणि पहिल्यांदा गाडी खालच्या खड्ड्यांवरून तिची ती गेली. मला इतका आनंद झाला की मी थांबायचं विसरले. मग थांबले आणि पडले. मेकॅनिक म्हणाला, "पैर नहीं टिकता तो आधा दिमाग पैर में ही रहता है. या छोटी ले लीजिए, या मैं इसे नीचे कर देता हूँ." म्हणजे मागचे शॉक-अप्स बदलून सीट उतरवायची.

बाबांनी साफ नाही म्हटलं. कंपनीने दिलेली उंची कापायची नाही. ट्यूनिकच्या बाबतीतही त्यांचा हाच नियम होता, कापड कापायचं नाही, दुमडायचं. गाडी दुमडता येत नाही म्हणून त्यांनी मला उंच केलं. माझे बूट ओमती बाजारातल्या चांभाराकडे नेऊन त्यांना दोन बोटं जाडीचा तळ लावून आणला. त्या बुटांत मला गिअर कळेनात. दुसऱ्याचा चौथा पडायचा. मग त्यांना कारखान्यातली युक्ती आठवली. ट्रक तपासताना त्यात वाळूची पोती भरतात. बाबांनी मागच्या कॅरियरवर वाळूची दोन पोती दोरीने आवळली, गाडी मागून खाली बसली, आणि माझे पाय टेकले. "झालं," ते म्हणाले. खरंच टेकले होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटी शहपुऱ्याच्या बाजूला गेले. शेतांत मटार होता, पाटाचं पाणी रस्त्यावर येऊन काळ्या मातीचा गारा झालेला. ट्रॅक्टरच्या चाकोरीत शिरले, उभी राहिले, दूर बघितलं, सगळं शिकवल्यासारखं केलं. पण सगळं वजन मागे. पुढचं चाक हलकं झालेलं, ते कुठेही वळायला तयार. ते चाकोरीच्या भिंतीवर चढलं आणि मी गाडीखाली गेले. डावा पाय चिखलात रुतला म्हणून मोडला नाही, एवढंच. सायलेन्सरचा चटका पोटरीला बसला. एक पोतं फुटलं होतं. मी ओरडले ते कोणी यावं म्हणून नाही, निव्वळ संतापाने.

मटार तोडणाऱ्या दोन बाया धावत आल्या. त्यांनी आधी पोती सोडवली, मग गाडी, मग मला. एकीने फुटलेल्या पोत्यात हात घालून बघितला आणि विचारलं, "दीदी, ये रेत कहाँ पहुँचा रही थीं?"

त्यांनी माझ्या पोटरीवर त्यांच्या प्यायच्या पाण्याची अख्खी बाटली ओतली. विहीर तिथून अर्धा किलोमीटर होती. मी लंगडत गेले, नुसतं बघायला की पोचता येतं की नाही, आणि परत आले.

त्याच आठवड्यात मी बाबांना न सांगता ती गाडी शोरूममध्ये परत दिली. नुकसान सोसलं आणि लहान घेतली. विक्रेत्याने काही विचारलं नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे. थंडीतली मोजणी मी तिच्यावर केली. सगळ्या विहिरी, मुदतीच्या चार दिवस आधी. दोनदा पडले, दोन्ही वेळा स्वतः उचलली. भोपाळचं टेबल दुसऱ्या कोणाला तरी गेलं. भोपाळ टळल्याचं बाबांना सांगितलं तेव्हा ते पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "अच्छा. बरं झालं." गाडीकडे मात्र बघेनात. अंगणातून जाताना तिला वळसा घालून जायचे, जेवताना फक्त मीठ मागायचे.

असे पंधराएक दिवस गेले. मग एका रविवारी मी अंगणात चेन साफ करत बसले होते तर बाबा टेप घेऊन आले आणि त्यांनी सीटची उंची मोजली. मग पुन्हा मोजली. "दोन वर्षांनी तुला मोठी लागंल," ते म्हणाले.

माझा बांध फुटला. "बाबा, मी एकेचाळीस वर्षांची आहे. माझं वाढून झालं. दोन वर्षांनी लागली तर दोन वर्षांनी घेऊ. दुकान कुठं पळून चाललं का?"

"दुकान कुठं पळून राहिलं," बाबा टेप गुंडाळत म्हणाले. "पण तेव्हा तुझ्यासोबत दुकानात कोण येईल? म्हणून म्हटलं, मी आहे तोवर मोठी घेऊन टाकू."

दूधवाला आज आला नाही, हे जसं सांगतात तसं त्यांनी ते सांगितलं. मी हातातलं फडकं पुन्हा तेलात बुडवलं. मला भयंकर राग आला. त्या मोठ्या गाडीचा नव्हता, बुटांचा नाही, वाळूचाही नाही.

"तुम्हीच याल," मी म्हणाले. "तुम्हीच याल आणि पुन्हा मोठीच दाखवायला लावाल. आत्तापासून तयारी करून ठेवायची काही गरज नाही." आवाज मला हवा होता त्यापेक्षा बराच चढला. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकू थांबून बघायला लागल्या.

"चिडून काहून राहिली?" बाबांनी विचारलं.

मी खाली मान घालून चेन पुसत राहिले. मी चिडलेली असले की बाबा घरात जात नाहीत, राग उतरेपर्यंत समोर बसून राहतात. तसेच ते पायरीवर बसले. म्हणून मी चेन स्वच्छ झाल्यावरही कितीतरी वेळ रागातच राहिले.