तीन झटके

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात ती शिंदीच्या केरसुण्या विकते. गिऱ्हाइकाला देण्याआधी प्रत्येक केरसुणी मुठीत धरून तीनदा झटकते. एक पान जरी गळलं, तरी बाजूला टाकते. "ही न्हाई जमली."

मी शिवणवर्ग चालवते. दर एक फेब्रुवारीला शेजारच्या मिशन दवाखान्यातल्या सिस्टर लोक संत ब्रिजिटचा सण करतात. ही आयर्लंडची संत, हाताने काही घडवणाऱ्या बायांची पाठराखीण. म्हणून त्या दिवशी आमच्या बायांच्या हातच्या वस्तू टेबलावर मांडतो. यादी माझ्याकडे. गोधड्या होत्या, तांड्यावरचं आरशांचं भरतकाम होतं. केरसुणी मला कधी सुचलीच नाही.

यंदा त्या दिवशी बाजारातली ती वर्गासाठी केरसुणी घेऊन आली, तेव्हा एक सिस्टर या संतेचा गवताचा क्रूस विणून दाखवत होत्या आणि तो सारखा सुटत होता. तिनं तो हातातून घेतला, शिंदीच्या पट्टीनं आवळला आणि सगळ्यांसमोर तीनदा झटकला. काडी हलली नाही. मी खालमानेनं यादीत केरसुणी लिहिली.

तिनं टेबलभर नजर फिरवली. "बाई, तुमच्या हातचं काहून न्हाई?"

इतकी वर्षं दुसऱ्यांचं मांडत आले, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. तिनं मला शेजारी बसवलं, हातात पानं दिली. मी बांधलेली वेडीवाकडी केरसुणी तिनं तीनदा झटकली. चार पानं गळली.

"जमली," ती म्हणाली, आणि टेबलावर मधोमध ठेवली.